उघडणावळ

चारशे रुपये. लॅपटॉप उघडण्याचे. आणि उघडला कोणी? मी! माझ्या हातांनी, माझ्या स्क्रूड्रायव्हरने, त्याच्याच काउंटरवर, त्याच्या देखत.

लॅपटॉप मॉड्युलर आहे. म्हणजे याचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो आणि घरच्या घरी बदलता येतो, असं विकणाऱ्यांचं म्हणणं. खोटं नाही ते. खाली पाच स्क्रू, सहा टोकांच्या चांदणीचे. ढिले केले तरी जागीच अडकून राहतात, कपाटाखाली पळत नाहीत. पडद्याची चौकट लोहचुंबकावर. चार्जिंग, एचडीएमआयची भोकंसुद्धा सुट्या ठोकळ्यांत, हवी त्या बाजूला सरकवा. पण दुखणं बिजागरीचं. मांडीवर घेतला की पडदा सावकाश मागे कलतो, आणि कॅमेरा पडद्यातच असल्यामुळे मीटिंगमध्ये बोलतो मी आणि लोकांना दिसतो आमचा सीलिंग फॅन. परवा साहेब म्हणाले, "पुसून घ्या एकदा."

बिजागरी कसून मिळते का बघायला ठाण्यात गोखले रोडच्या एका गल्लीतल्या दुकानात गेलो. तिथे स्टुलावर एक काका बसले होते. हातात रबरबँड गुंडाळलेला टीव्हीचा रिमोट. मी पाच स्क्रू ढिले करून कीबोर्ड उचलला आणि काका उठून उभेच राहिले.

"किती सालचं बांधकाम?"

"लॅपटॉप आहे, काका."

"तेच हो. साल?"

"2021."

"मग स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं नाही. तीस वर्षांनंतर लागतं."

काका नौपाड्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी निघाले. तिथलं रीडेव्हलपमेंट बरीच वर्षं रखडलंय, त्यामुळे बोलायला भरपूर साठलेलं. महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी कशी करते हे त्यांनी माझ्या मदरबोर्डवर रिमोट फिरवत समजावलं. सी-वन म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-टू-बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती. सी-थ्री किरकोळ.

"तुमचं सी-टू-बी. डेटा आत राहू दे, बिजागरी तेवढी करून घ्या. बॅटरी फुगलीय का बघा हो. फुगली असेल तर सी-वन, लगेच बाहेर काढायची."

बॅटरीचं हे शंभर टक्के बरोबर होतं. राग त्याचाच आला.

"पण माझं ऐकाल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. जुनं द्या, नवं घ्या. घरात माणसं किती?"

"दोघं."

"रीडेव्हलपमेंटला एक्कावन्न टक्के संमती लागते. दोघांतले एक्कावन्न टक्के म्हणजे दोघंही." त्यांनी माझ्याकडे खऱ्या करुणेने पाहिलं. "अडलं तुमचं."

मग एक पोर्टचा ठोकळा ओढून काढला. "हे पार्किंग का? चार आहेत? कॉमन की अलॉटेड?"

दुकानदार हसत होता. हसता हसता त्याने बिजागरीला बोट लावलं आणि म्हणाला, "ही कसली जाणार नाही, साहेब. पार्ट आणा, बसवून देतो."

बसवता मलाही येतं! बसवता येतं म्हणून तर जास्तीचे पैसे मोजून हे यंत्र घेतलं. मिळत नाही तो पार्टच. परदेशातून मागवायचा तर तळहातावर मावणाऱ्या धातूच्या तुकड्यापेक्षा कुरिअर आणि कस्टम्स भारी. नाहीतर अमेरिकेतून कोणी येणारा शोधायचा, त्याच्या बॅगेत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांशेजारी जागा मागायची, आणि त्याच्या आईने "लॅपटॉपचं काहीतरी आलंय हो तुमचं" म्हणून महिनाभर उपकार ऐकवायचे. 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. चांगलं केलं. हक्क आला, बिजागरी तेवढी यायचीय. तोवर मॅन्युअल वाचा, क्यूआर कोड स्कॅन करा, पाच स्क्रू सोडा, पाच स्क्रू लावा. चार वर्षं मी लोकांना सांगत आलोय की यापुढे लॅपटॉप फेकायचा नसतो. आता तेच लोक माझा पंखा बघतात.

मी पाचवा स्क्रू आवळत असताना दुकानदाराने चारशेची पावती फाडली. ओपनिंग चार्जेस.

"अहो, पण उघडला मी!"

"उघडला ना? मग!"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आमच्याकडे कन्सल्टंट नुसता गच्चीवर जाऊन आला त्याचे वीस हजार दिले."

पैसे दिले मी. मागे गिऱ्हाइकं उभी होती, आणि चार माणसांत भांडण्याची माझी क्षमता त्या बिजागरीइतकीच. मग दुकानदाराने काकांचा रिमोट घेतला, रबरबँड काढला, स्प्रिंग नखाने खरवडली, सेल फिरवून बसवले. चालू.

"किती झाले?"

"राहू द्या, काका."

"यांचे ओपनिंग चार्जेस?" मी विचारलं.

त्याने रिमोट उलटा करून दाखवला. "याला झाकणच नाही, साहेब. उघडणार काय?"