एम-सील लावा

माझ्या होडीला मागे दोन भोकं आहेत आणि ती मुद्दाम पाडलेली आहेत, हे वाक्य गेल्या रविवारी मी किमान अकरा वेळा बोललो.

होडी म्हणजे फायरबॉल, दोघांनी चालवायची शिडाची होडी. १९६२ सालचं डिझाइन, जेमतेम पाच मीटर लांबी, माझ्याकडे आली ती सेकंडहँड. आत शिरलेलं पाणी वेगात असताना मागून निघून जावं म्हणून पिछाडीच्या फळीत दोन खिडक्या आणि त्यांवर अ‍ॅक्रिलिकच्या झडपा. बंद ठेवणारी इलॅस्टिकची दोरी आतून बांधायची. ती सोडली की आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप उघडते. मुंबईच्या उन्हात त्या इलॅस्टिकची वर्षभरात शेवई होते. मी धक्क्यावर पालथा पडून नवी दोरी ओवत होतो, दातांत रबराची पट्टी.

"भोक पडलंय?"

वर बघितलं. बुशशर्ट, हातात कोथिंबिरीची पिशवी.

"पडलं नाही काका, पाडलंय. पाणी बाहेर जायला."

"मग आत येणार नाही?"

"म्हणून तर झडप."

"म्हणजे आधी भोक पाडायचं, मग बुजवायचं." काकांनी पिशवी माझ्या टूलबॉक्सवर ठेवली. "एम-सील लावा."

मी वेग, मागे सुटणारं पाणी, दाब असं बरंच समजावलं. १९८२ च्या एशियाडमध्ये इथे मुंबईतच तारापोर आणि करंजिया यांनी फायरबॉलमध्येच सुवर्णपदक मिळवलं, हेही सांगितलं.

"त्यांच्याही होडीला भोकं होती?"

हे मला माहीत नव्हतं. काकांना ते बरोबर कळलं.

"जावई मर्चंट नेव्हीत आहे. विचारतो."

आणि खरंच व्हिडिओ कॉल लावला! तीनशे मीटरच्या टँकरवरच्या माणसाला माझ्या होडीचं बूड दाखवण्यात आलं. मी पालथा, कमरेवर शर्ट सरकलेला, ते दृश्यही त्यात आलंच असणार. जावयाने डोळे बारीक केले. "पप्पा, ह्याला एम-सील लावायला सांगा."

बरं, या झडपांचं काही इथे धड मिळतही नाही. इलॅस्टिक म्हणून स्कूटरवर सामान बांधायची हूकवाली दोरी, रबरी पट्टी फ्रिजच्या दाराची. हौस दर्यावर्दी, सामान भंगारवाल्याचं. त्यातून हंगाम ऑक्टोबर ते मे. मग पावसाळाभर झडपा आंबत पडतात आणि पहिल्या रविवारी सगळं पुन्हा पहिल्यापासून. या शौकाला लोक श्रीमंती म्हणतात.

निघालो. वारा पडला. वारा पडला की होडी रेंगाळते, आणि आम्ही दोघं जरा मागे सरकून बसलो की खिडक्या पाण्याखाली जातात. उजवी झडप कागदाइतकीच उघडी राहिली होती, पण समुद्राला तेवढं पुरतं. अर्धा तास कापलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनने पाणी उपसलं, मग एका मच्छीमार होडीने ओढून आणलं. त्या नाखव्याने मागे वळून खिडक्यांकडे एकदा पाहिलं आणि काही बोलला नाही. काकांपेक्षा ते जास्त लागलं.

काका गेले होते. टूलबॉक्सवर कोथिंबिरीची एक काडी आणि तिच्याखाली एम-सीलची नवीकोरी पुडी.

पुडी अजून फोडलेली नाही.