विच्छेदनाची गरज संपलेली नाही

"डीएनए बारकोडमुळे भुंगेऱ्यांच्या विच्छेदनाची गरज संपली" हे जाती ओळखण्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. बारकोड म्हणजे जात ओळखायला वाचलेला, सीओआय या एकाच जनुकाचा साधारण ६५० डीएनए-अक्षरांचा तुकडा, तोही पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला, फक्त आईकडून आलेला. नुकत्याच वेगळ्या झालेल्या किंवा अधूनमधून संकर होणाऱ्या जातींत तो सारखाच निघू शकतो. शिवाय तुलनेला ठेवलेला नमुना मुळात कुणीतरी डोळ्यांनीच ओळखलेला असतो ना! तिथे नाव चुकलं की पुढचं सगळं मुसळ केरात.

आमच्याकडे वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर हुमणीचे (पिकांची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे जमतात. होलोट्रिकिया वंशातले ते तपकिरी भुंगेरे नुसते वरून पाहून जात सांगायची माझी तरी हिंमत नाही. नराचं जननांग काढून, कॉस्टिक पोटॅशमध्ये साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्याचा आकार बोलतो. अळीच्या बाबतीत मात्र डीएनएला तोड नाही. उसाच्या मुळाशी सापडलेली अळी नेमक्या कोणत्या भुंगेऱ्याची, हे कळायला एरवी ती कुंडीत वाढवत महिनोन्‌महिने थांबावं लागतं. खरा फायदा हा, आणि लेखात त्यावर एक ओळही नाही.