चर्च यांचे ‘पार्थेनॉन’ : संधिप्रकाश की संगमरवर?

अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च यांच्या ‘पार्थेनॉन’ (1871) या चित्रावरील एका लेखात त्यातील सोनेरी रंगाला ‘स्वप्नाळू अतिशयोक्ती’ म्हटले आहे, ते मला पटले नाही. पार्थेनॉन हे अथेन्सचे प्राचीन ग्रीक मंदिर जवळच्या पेंटेली डोंगरातील संगमरवराचे आहे. त्या दगडात लोहाचा अंश असल्यामुळे काळाच्या ओघात त्याच्यावर मधासारखी पिवळसर झाक चढते, आणि उतरत्या उन्हात ती अधिकच खुलते. चर्च 1869 साली स्वतः अथेन्सला गेले होते आणि प्रत्यक्ष जागेवर बसून त्यांनी पेन्सिलीने व तैलरंगात अभ्यासचित्रे केली होती. त्यांचे गुरू थॉमस कोल यांनी साम्राज्यांच्या उदयास्तावरील मालिकेत जे भग्नावशेष रंगवले ते काल्पनिक नगरीचे होते. शिष्याने मात्र खऱ्या दगडांचा हिशेब ठेवला. अग्रभागी सावलीत विखुरलेले तुकडे पाहावेत, म्हणजे 1687 साली व्हेनिसच्या तोफगोळ्याने या मंदिरात तुर्कांनी ठेवलेला तोफेच्या दारूचा साठा पेटून झालेल्या स्फोटाची आठवण होते. लेखासोबतचे चित्राचे छायाचित्र फारच भडक छापले आहे, हेही येथे नोंदवतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील मूळ चित्राबद्दलचा गैरसमज कदाचित त्यामुळेच झाला असावा.