लस घेऊनही ताप आला, मग उपयोग काय? एका सिस्टरांना उत्तर

नमस्कार सिस्टर,

"मे महिन्यात फ्लूची लस घेतली आणि चौथ्या दिवशी तापाने आडवी झाले. चाळीस-साठ टक्के उपयोगाची सुई दरवर्षी टोचून घ्या म्हणण्यापेक्षा आम्हाला आजारपणाची रजा द्यायला सांगा. फ्लूवरची टॅमीफ्लूची गोळी आहेच की," असं तुम्ही लिहिलंत. रजेचं म्हणणं पूर्ण खरं आहे. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, असं सांगणाऱ्या माझ्या लेखात ते यायलाच हवं होतं.

आधी तुमच्या तापाबद्दल. दंडात टोचतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होत नाही. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण वाटते, कधी ताप येतो. पण चौथ्या दिवशी चढलेला ताप बहुधा लशीचा नसतो. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि आपण तर रोज खोकणाऱ्या माणसांत उभ्या असतो. म्हणूनच मी एप्रिल-मेचा आग्रह धरते. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये. ऑक्टोबरमध्ये कर्मचाऱ्यांना लस दिली, तर पावसाळा हातचा गेलेला असतो.

चाळीस ते साठ टक्के हा आकडाही लस आणि फिरणारा विषाणू नीट जुळला त्या वर्षांतला. समजा, लस न घेतलेल्या शंभर जणींपैकी दहा जणी फ्लूने पडणार असतील, तर घेतलेल्या शंभरांत चार ते सहा पडतील. हे कमीच आहे, मान्य. पण वॉर्डात आधीच माणसं अपुरी असताना लशीमुळे वाचलेल्या चार-सहा जणी ड्यूटीवर असणं मला लहान वाटत नाही.

एक चूक मात्र माझी. "कर्मचाऱ्यांनी लस घेतली की रुग्ण वाचतात" असं मी ठामपणे लिहिलं होतं. त्याचा पुरावा तितका भक्कम नाही, तेव्हा ते वाक्य मी मागे घेते.

तरीही मी लशीला धरून का बसते, ते सांगते. ग्लासगोच्या रुग्णालयांत १९९३-९४ च्या हिवाळ्यानंतर कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळपास २३ टक्के लोकांना फ्लू होऊन गेल्याचं दिसलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना आपल्याला फ्लू झाल्याचं आठवतच नव्हतं. म्हणजे त्यांतले बरेच जण कामावर आले असणार.

मीही आले होते. २००९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात रेसिडेंट डॉक्टर होते. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ तारखेला पुण्यातच झाला होता, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. मला नुसती सर्दी होती, घसा खवखवत होता, ताप नव्हता. अकरा नंबरच्या खाटेवर दम्याचे आजोबा होते. त्यांचा नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारा मास्क, मीच लावला. वाकले की माझा मास्क नाकाखाली घसरायचा, मी त्याच हाताने वर ओढायचे आणि मग त्यांच्या तोंडावरचा मास्क नीट करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप आला, पाचव्या दिवशी आयसीयूत हलवावं लागलं. माझ्यामुळेच, असं सिद्ध करता येत नाही. माझ्यामुळे नाही, असंही मला कधी म्हणता आलेलं नाही. तेव्हा आपल्याकडे स्वाइन फ्लूची लस नव्हती, ती २०१० मध्ये आली.

मी रजा मागितली नव्हती, कारण मी गेले असते तर माझ्या जोडीच्या रेसिडेंटला सलग छत्तीस तास काढावे लागले असते. म्हणून तुमचा राग मला कळतो, सिस्टर. आजारी माणसाला कामावर बोलावणाऱ्या रुग्णालयाने लशीचा कॅम्प घेतला म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही.

टॅमीफ्लूचा भरवसा मात्र धरू नका. ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. तीही ४८ तासांच्या आत सुरू केली तरच चांगली लागू पडते आणि साध्या आजारात जेमतेम एक दिवस वाचवते. गरोदर बाई, मधुमेही, दम लागलेला रुग्ण यांच्यासाठी रिपोर्टची वाट न बघता ती सुरू करावी. त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. पण आपल्याला लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून आपण विषाणू पसरवत असतो, तो दिवस कुठल्याच गोळीने परत येत नाही.

माझ्या आताच्या वॉर्डात ड्यूटी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी प्रत्येकीला ताप-घसा विचारतो. ताप असेल तर घरी, आणि पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप नसल्याशिवाय परत यायचं नाही. बदली माणूस मिळवायचं काम तिचं नाही, माझं. हे लेखी करून घ्यायला मला दोन वर्षं लागली. तुमच्या मेट्रनना दाखवायला तो कागद हवा असेल तर सांगा, पाठवते.