सीएल टू, वर टू मायनस, आणि माझं बीपी

सीएल टू, डोक्यावर टू मायनस. असा आयन या विश्वात नाही रे बाबांनो! केमिस्ट्रीच्या चाळीस पेपरांत सतरा जणांनी तो जन्माला घातलाय. बेरियम क्लोराइड पाण्यात गेलं की दोन्ही क्लोराइड सुटे होतात, म्हणून दोनचा आकडा पुढे येतो. हातात हात घालून पोहत नाहीत ते! फळ्यावर लिहिलं, वहीत उतरवून घेतलं, "कळलं ना?" विचारलं, "हो सर" आलं. त्या "हो सर"वरचा माझा विश्वास पहिल्या बॅचलाच उडाला होता.

त्यातल्या एका दिवट्यानं तर बेरियम सल्फेट फोडलं. बाणाच्या उजवीकडे! बेरियम टू प्लस, सल्फेट टू मायनस, दोघांपुढे कंसात एक्यू, म्हणजे पाण्यात विरघळलेलं. बाणाच्या दोन्हीकडे जे सारखं ते कापायचं, उरतं ते नेट आयनिक इक्वेशन. मग साहजिकच दोन्हीकडचं सगळं कापलं गेलं आणि खाली चौकट आखून ऐटीत लिहिलं : नेट आयनिक इक्वेशन = ०. अरे, पोटाचा एक्स-रे काढायच्या आधी माणसाला हेच बेरियम सल्फेट पाजतात. सुटा बेरियम आयन विष असतो. हे विरघळत नाही म्हणून पेशंट उठून चालत घरी जातो. तुझ्या चौकटीत तो टेबलावरच आटपला.

कंसातला एस, म्हणजे घन, लिहायला शाई पुरत नाही, पण शेजारी "व्हाइट पीपीटी", म्हणजे पांढरा साका, लिहून त्याखाली दोन रेघा ओढायला पुरते. गृहपाठाचे फोटो आडवे येतात, तेही रात्री साडेअकराला. आणि पालकांचा एकच प्रश्न, "सर, सीईटीला येतं का हे?"

पाचवा प्रश्न : कॉपर सल्फेट आणि बेरियम हायड्रॉक्साइड. एका मुलीनं काहीच कापलेलं नाही. चारही आयन जसेच्या तसे. मी पेटलोच. पानभर लाल फुली मारली, खाली लिहिलं, "स्पेक्टेटर आयन कुठे गेले???" तीन प्रश्नचिन्हं. स्पेक्टेटर म्हणजे नुसते बघे, काही न करता दोन्हीकडे तसेच राहणारे. कापायचे ते. मग चहाचा घोट घेतला आणि तो घशातच अडकला.

कॉपर हायड्रॉक्साइडसुद्धा खाली बसतं. निळं. बेरियम सल्फेट पांढरं. दोन्ही साका होऊन तळाला, नळीत बघायला कोणी उरतच नाही. माझ्या मॉडेल आन्सरमध्ये मात्र कॉपर आणि हायड्रॉक्साइड दोन्हीकडून कापलेले, स्केल लावून. माझ्यासारखंच कापणाऱ्या अकरा जणांना मी पैकीच्या पैकी दिलेत. चार जणांना "गुड"सुद्धा.

फुलीवर व्हाइटनर लावला तर घरी विचारतील. म्हणून दोन मार्क दिले आणि त्या तीन प्रश्नचिन्हांखाली लिहिलं, "नव्हतेच." आता त्या अकरा जणांचे दोन-दोन मार्क परत घ्यायचेत. सोमवारी. पालकांसमोर.