‘ठरवलेल्या कुस्तीचं एवढं कौतुक कशाला?’

नमस्कार पैलवान,

(प्रतिक्रियेखाली ‘जुना पैलवान’ एवढीच सही आहे, म्हणून तीच हाक मारतो.)

मिसावा आणि कावाडा या जपानी व्यावसायिक कुस्तीगिरांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच तापलात. निकाल आधीच ठरलेला, म्हणजे ही नुरा कुस्ती. या लोकांना खरं लढता येत नाही. मातीतली कुस्ती सोडून जपानी नाटकाची आरती कशाला, असं तुमचं म्हणणं. शेवटी आणखी एक ओळ होती, तिच्याकडे नंतर येतो.

निकाल ठरलेला असतो, कबूल. पण नुरा म्हणू नका. नुरा कुस्तीत निकाली म्हणून गर्दी जमवतात आणि दोघांनी आत आधीच वाटून घेतलेलं असतं. तिथे प्रेक्षक फसतो. टोकियोच्या बुदोकान सभागृहात बाकं हादरतील इतके पाय आपटणारा माणूस फसायला आला होता, असं मला वाटत नाही. कोण जिंकणार यापेक्षा समोरच्याला पाडायला आज काय काय मोजावं लागणार, हे तो बघत होता.

‘लढता येत नाही’ हे मात्र घाईत लिहिलंत. त्यांच्याच रिंगमधला जम्बो त्सुरुता 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन खेळलेला. मिसावा आणि कावाडा एकाच शाळेच्या कुस्ती संघातले, मिसावा एक वर्ष पुढे. आणि तिकडच्या तालमीत नव्या पोरांकडून शेकड्यांनी काढून घेतात त्या बैठकांना जपानीत ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. तुम्ही पहाटे उठून मारल्यात, त्याच.

आता 9 जून 1995 ची जोडीची लढत घ्या. एकीकडे मिसावा-कोबाशी, दुसरीकडे कावाडा-ताउए. कोबाशीचा पाय आधीच दुखावलेला, मांडीला पट्टी. मिसावाच्या डोळ्याजवळचं हाड त्याच एप्रिलमध्ये कावाडाच्या लाथेने मोडलेलं. समोरचे दोघे बरोबर तेवढंच धरतात, पाय आणि डोळा. शेवटाकडे मिसावा आडवा पडलेला असतो आणि कोबाशी, ज्याला उभंही राहता येत नाही, सरपटत जाऊन त्याच्या अंगावर पालथा पडतो. झाकून घेतो त्याला. वरून लाथा बसतायत, तरी हटत नाही. हे ठरलेलं होतं? असेलही. माझ्या घशात दर वेळी काहीतरी अडकतं.

त्या दिवशी कावाडाने मिसावाला पहिल्यांदाच तीन मोजेपर्यंत पाठीवर धरलं, म्हणजे हरवलं. तेही जोडीत. एकास एक लढतीत त्याच्याकडून ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथला सर्वोच्च किताब, घ्यायला 1 मे 1998 उजाडावा लागला, टोकियो डोममध्ये. इतकी वर्षं एक सीनियर आणि त्याच्या मागे एक ज्युनियर. कावाडाचं पडणं नीट बघा: कोपराचा तडाखा बसला की तो लगेच कोसळत नाही. उभा राहतो, डोळे थिजलेले, एखादं पाऊल टाकतो, आणि मग गुडघ्यातून जातो. पडायला इतका नाखूश माणूस मी रिंगमध्ये दुसरा पाहिला नाही.

(मातीतल्या कुस्तीवर लिहीत नाही, कारण मला ती तुमच्याइतकी कळत नाही. तुम्ही लिहा, मी इथे छापतो. खरंच.)

आता ती शेवटची ओळ: ‘नाटकात माणूस मेला तर टाळ्या वाजवणाऱ्यांनी काय करायचं?’

13 जून 2009, हिरोशिमा. मागून उचलून पाठीवर टाकण्याचा डाव, मिसावाने आयुष्यभर घेतलेला. त्या दिवशी तो उठला नाही. वय 46. मानेच्या मणक्याची दुखापत. तो एका आपटीने गेला की वीस-पंचवीस वर्षांच्या आपट्यांनी, हे मी कोण सांगणार? पण नव्वदच्या दशकात दर वर्षी डाव जास्त उभे, जास्त मानेवर होत गेले, कारण कालचा डाव आज लोकांना पुरत नव्हता. त्या लोकांत मीही धरा, भले मी हे सगळं वर्षांनंतर स्क्रीनवर पाहिलं असेल. मूळ लेखात हा मृत्यू मी दोन वाक्यांत उरकला, ते चुकलंच. तिथे भर घालतो.

3 जून 1994 च्या लढतीत मिसावा कावाडाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर अडकवतो आणि त्याला मानेवर सोडतो. हात अडकलेले, म्हणजे टेकायला काहीच नाही. तेवढा तुकडा मी पूर्वी मागे नेऊन तीन-चारदा बघायचो. हल्ली तिथे आलो की पुढे ढकलतो.