पासपोर्ट विकून उभे राहिलेले बेट आणि आमची गळकी गच्ची

आमच्या परळच्या सोसायटीचे खजिनदार म्हणजे माझे सख्खे मामा. गेल्या रविवारी सर्वसाधारण सभेत त्यांनी चष्मा सावरून मोबाइलवरचा एक संदेश मोठ्याने वाचून दाखवला आणि त्याच्याच आधारावर यंदाचा दुरुस्ती निधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगऐवजी लॉबी आणि प्रवेशद्वारावर खर्च करावा, असे सुचवले. हाच संदेश मला तीन गटांतून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला होता. आता तो घरापर्यंत, नव्हे छपरापर्यंत, पोहोचल्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

संदेशातील दावा थोडक्यात असा आहे: कॅरिबियनमधील डोमिनिका हे सत्तर हजार वस्तीचे बेट २०१७ च्या वादळात उद्ध्वस्त झाले, तेथील सरकारने कोणापुढे हात पसरले नाहीत, जनतेवर कर लावला नाही, केवळ पासपोर्ट विकून वर्षभरात देश उभा केला, घरांची छपरे शाकारत न बसता आधी विमानतळ आणि हॉटेले बांधली, मग घरे आपोआप झाली, मुंबई महापालिकेने यातून धडा घ्यावा. सोबत पांढऱ्याशुभ्र वाळूच्या किनाऱ्याचे छायाचित्र आहे. डोमिनिकाचे बहुतेक किनारे ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे आहेत, त्यामुळे छायाचित्र बहुधा डोमिनिकन प्रजासत्ताक या निराळ्याच देशाचे असावे. ज्याने संदेश लिहिला त्याला देशच नीट माहीत नाही, हे येथेच कळते.

कर नाहीत, हे सरळसरळ खोटे आहे. डोमिनिकात २००६ पासून १५ टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि प्राप्तिकराचा वरचा टप्पा ३५ टक्क्यांचा आहे. वर्षभरात देश उभा राहिला, हेही तसेच. त्याच सरकारने २०१८ मध्ये कायदा करून पुनर्बांधणीसाठी स्वतंत्र यंत्रणा नेमली आणि पुढे २०२० ते २०३० अशी दहा वर्षांची योजना आखली. काम वर्षात संपले असते तर या खटाटोपाचे कारण नव्हते. मदतीविषयी बोलायचे तर जागतिक बँक, युरोपीय संघ, ब्रिटन, कॅनडा आणि चीन या सर्वांनी हात दिला. पुढे करोनाच्या काळात २०२१ मध्ये आपल्या भारतानेही त्यांना लसींच्या ७० हजार मात्रा पाठवल्या होत्या.

खरा घातक मुद्दा छपरांचा आहे. १८ सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे पाचव्या श्रेणीचे वादळ बेटावर आदळले, तेव्हा खुद्द पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या घराचे छप्पर उडाले. दोनच महिन्यांत सरकारने जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे आदी संस्थांना बरोबर घेऊन हानीचा अहवाल सिद्ध केला. वस्तू आणि वास्तूंचे नुकसान ९३ कोटी डॉलर आणि बुडालेले उत्पन्न ३८ कोटी डॉलर, म्हणजे सारा देश वर्षभर राबून जे कमावतो त्याच्या २२६ टक्के, असा त्याचा हिशेब आहे. त्या नुकसानीत सर्वांत मोठा वाटा घरांचा, सुमारे ३८ टक्के, आणि त्याखालोखाल रस्ते-पुलांचा आहे. दहापैकी नऊहून अधिक घरांची छपरे मोडली किंवा उडाली होती. ज्या परिचारिकेच्या, शिक्षकाच्या किंवा केळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर छप्पर नाही, तो बोट मिळताच बेट सोडतो, आणि सत्तर हजारांच्या देशातून चार-पाच हजार कमावती माणसे गेली तर नवे हॉटेल चालवणार कोण? शिवाय २०१५ च्या एरिका वादळाने वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्के हानी केली होती. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत मारिया आले. म्हणून छप्पर नुसते परत घालणे नव्हे, तर पुढच्या वादळात टिकेल असे घालणे, हा तेथील अंदाजपत्रकाचा पहिला प्रश्न होता. ज्या नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे गोडवे संदेशात गायले आहेत, त्याचे बांधकाम तर वादळानंतर काही वर्षांनी सुरू झाले. क्रमच उलटा सांगितला आहे.

पासपोर्टच्या बाबतीत मात्र, नाइलाजाने का होईना, अर्धे सत्य मान्य करतो. गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजना तेथे १९९३ पासून आहे आणि तिच्या पैशातून एरिकाने विस्थापित झालेल्या पेतित सावान गावच्या लोकांसाठी बेलव्यू शोपँ येथे घरे बांधली गेली, ही गोष्ट खरी आहे. परंतु अहवालाने पुनर्बांधणीला लागणारी रक्कम १३७ कोटी डॉलर धरली होती आणि त्या वेळी एकट्या अर्जदाराचे किमान योगदान एक लाख डॉलर होते. मामा, तुम्ही हिशेबाचे पक्के आहात, भागाकार करून पाहा: एका वादळासाठी १३,७०० गिऱ्हाइके, म्हणजे देशाच्या वस्तीच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतके नवे नागरिक! आणि हे उत्पन्न परक्यांच्या मर्जीवर चालते. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने याच योजनेच्या गैरवापराचे कारण देऊन डोमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. पासपोर्टची किंमत ज्या मोकळ्या प्रवासामुळे असते तोच आखडला, तर विकायचे काय?

मुंबई महापालिकेशी तुलना तर सोडूनच देऊ. पालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे आहे, जे डोमिनिकाच्या वादळापूर्वीच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट भरते, आणि विकायला पालिकेकडे पासपोर्ट नाहीत.

अहवालातील घरांच्या नुकसानीचा तक्ता मी मामांना छापून दिला आहे. त्यांनी तो अद्याप वाचलेला नाही, पण सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून टपकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवली आहे, ती त्यांनी काल स्वतः जाऊन पाहिली.